ढेपीच्या तोंडाचा वास

पिराजी गुळव्याच्या नाकाला वडणग्यापासून पार पन्हाळ्याच्या पायथ्यापर्यंत मान होता. गुळव्या म्हणजे काहिलीत, त्या भल्या मोठ्या कढईत, उकळणाऱ्या उसाच्या रसाचा गूळ नेमका कोणत्या क्षणाला झाला, हे सांगणारा माणूस. काहील क्षणभर आधी उतरवली तर गूळ मऊ पडतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. बाकीचे गुळवे पाकाचा थेंब पाण्यात टाकून त्याची गोळी बोटांवर वळून बघायचे. पिराजी तसलं काही करत नसे. तो वाफेत डोळे मिटून उभा राहायचा, मान थोडी वर करायचा, आणि मग एकदम ओरडायचा, “उतरा!” त्या वेळेला चहाचा कप तोंडाला लावलेला माणूससुद्धा कप टाकून धावायचा. पंचवीस वर्षांत त्याची एक काहील बिघडली नाही. त्याचा त्याला गर्व होता, आणि असायलाच हवा होता.

दोन हजार एक सालच्या श्रावणात त्याला ताप आला. आठ दिवसांनी ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. सर्दी म्हणावी तर नाक मोकळं होतं, वारा आतबाहेर होत होता, पण वास म्हणून काही येत नव्हता. कोल्हापुरात नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखवलं. त्यानं बॅटरी मारून दोन्ही नाकपुड्यांत बघितलं आणि येईल तेव्हा येईल, असं सांगून तीन रंगांच्या गोळ्या दिल्या.

गोळ्या संपल्या. हंगाम सुरू झाला. दसऱ्यानंतरच्या चौथ्या दिवशी पिराजी काहिलीसमोर डोळे मिटून उभा होता, वास येण्याची वाट बघत. लोक ओरडायला लागले तेव्हा त्यानं डोळे उघडले. समोर सगळं काळं पडलं होतं. गुऱ्हाळाचे मालक हंबीरराव बाजूलाच होते. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते नुसतं म्हणाले, “ऱ्हाऊ दे पिराजी, हुतंय एकांद्या बारी,” आणि दुसऱ्या दिवशी काहिलीपुढे जोतीराम नावाचा तरुण गुळव्या उभा होता. पिराजीला कुणी जा म्हटलं नाही. रस काढलेल्या उसाच्या चिपाडांच्या गंजीला टेकून एक बाज टाकली होती, तिच्यावर बसायचं, चहा प्यायचा, कुणी विचारलं तर दोन शब्द सांगायचे. सगळे त्याला मान द्यायचे, आणि त्या मानानंच त्याचा जीव जास्त जळायचा.

ज्याचं जातं त्यालाच कळतं. डोळे गेलेल्याला लोक हात धरून रस्ता ओलांडून देतात. नाक गेलेल्याला लोक हसतात. पिराजीला मटणाचा रस्सा म्हणजे तिखट गरम पाणी झालं होतं. भाकरी नुसती चावायची वस्तू झाली होती. गोठ्यात गेलं तर म्हशी चित्रातल्यासारख्या दिसायच्या. आक्काताई, म्हणजे त्याची बायको, शेजारी येऊन बसली तरी ती आल्याचं बघावं लागायचं. पूर्वी तिच्या केसातल्या माक्याच्या तेलावरून ती सोप्यात आहे की परड्यात, हे त्याला न बघता समजायचं. आता आपलंच घर पाहुण्यांचं असल्यासारखं वाटे, आणि हे सांगायचं कुणाला?

आता ढेपीबद्दल. ढेपी म्हणजे गुऱ्हाळावरची कुत्री. चिपाडांच्या गंजीतच जन्मली, आणि पिल्लू असताना गुळाच्या ढेपेसारखी इतकी गोलमटोल होती की पिराजीनंच तिला ढेपी म्हणायला सुरुवात केली. गुऱ्हाळाची एक रीत असते. तिथून कुणी तोंड गोड केल्याशिवाय जायचं नाही. वाटसरू असो, मास्तर असो, एसटीचा कंडक्टर असो, कढता गूळ उसाच्या कांड्यावर घेऊन त्याच्या हातात द्यायचाच. पिराजीच्या हिशेबात ढेपी ही माणसांतच जमा होती. प्रत्येक काहील उतरली की तो बोटभर गूळ फुंकून फुंकून गार करायचा आणि तिला चाटवायचा. दिवसाला चार-पाच काहिली, वर्षाला पाच महिने, अशी आठ वर्षं. कुत्रीचे एवढे लाड आमदाराच्या बंगल्यावरही झाले नसतील.

वाईट करावं म्हणून कुणी करत नाही. पण आठ वर्षांनी ढेपीच्या तोंडाला असा वास यायला लागला की ती जांभई द्यायला लागली तर माणसं जागा बदलायची. जळण घालणारा कृष्णात म्हणायचा, “चुलवाणातला धूर परवाडला, पर हिचा श्वास नगं.” पिराजीला त्याचं काहीच नव्हतं. गावभर एकटा तोच ढेपीचं तोंड आपल्या मांडीवर घेऊन बसू शकत होता. नाक गेल्याचा तेवढाच एक फायदा, असं लोक म्हणायचे, आणि तोही हसायचा.

मग दोन हजार तीन सालच्या कार्तिकातली ती दुपार आली.

जेवण झालं होतं. उन्हाला ऊब होती, पण चटका नव्हता. काहिलीवरून पांढरी वाफ हळूहळू वर चढत होती आणि चरकाची घरघर एका सुरात चालली होती. पिराजी बाजेवर आडवा झाला. त्याचा डोळा लागतो न लागतो तोच ढेपी बाजेवर चढली, त्याच्या छातीवर पुढचे दोन पाय टाकून पसरली आणि त्याच्या तोंडावर संथ धापा टाकायला लागली. त्या अर्धवट झोपेत पिराजीला काहीतरी जाणवलं. आधी वाटलं, स्वप्न आहे. कुजकं, आंबूस, खोल कुठून तरी येणारं. पावसाळ्यात पाणी साचलेल्या डबक्यात काठी घातली की जसं वर येतं, तसं.

तो वास होता. दोन वर्षांनी आलेला वास.

पिराजीनं डोळे उघडले नाहीत. उघडले तर जाईल, अशी त्याला भीती वाटली. तो हळूहळू श्वास घेत राहिला. आणि कुजक्या वासाच्या मागून, दार किलकिलं झाल्यावर घरातली माणसं एकेक करून बाहेर यावीत, तसे दुसरे वास यायला लागले. आधी गूळ आला. पाक दाट होताना येतो तो, थोडा जळका, थोडा दुधाळ. मग नदीकाठच्या गाळाचा वास आला. मग परड्यातल्या ओल्या शेणीचा. मग आक्काताई नवी नवरी होऊन घरात आली त्या दिवशीचा, हळद आणि कोऱ्या लुगड्याचा. तो वाफेत चालत होता, पायाखाली जमीन होती की नव्हती कोण जाणे, आणि वाफेच्या पलीकडे त्याचा बाप उभा होता. त्याचा बापही गुळव्या होता. बाप मान वर करून वास घेत होता.

जागा झाला तेव्हा सावल्या लांबल्या होत्या. त्यानं घाईघाईनं चिपाड हुंगलं. काही नाही. गूळ हुंगला, बिडी हुंगली, आपला घामट सदरा हुंगला. काही नाही. मग ढेपीचं तोंड दोन्ही हातांनी धरून नाकाशी आणलं. होता! तिचा वास तेवढा येत होता. साऱ्या मुलखातून एकच वास त्याला परत मिळाला होता, आणि तो सगळा गाव ज्याला नाक मुरडायचा तो.

हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. सांगणार तरी काय? लोक वर्षभर पुरवून पुरवून हसले असते. आक्काताईलाही सांगितलं नाही. तिच्या केसांचा वास येत नाही आणि कुत्रीच्या तोंडाचा येतो, हे कोणता नवरा आपल्या बायकोला सांगेल?

त्या दिवसापासून दुपारची झोप हेच पिराजीचं खरं जगणं झालं. जेवण कसंबसं उरकायचा, बाजेवर पडायचा आणि हळूच हाक मारायचा. ढेपी यायची, धापा टाकायची, आणि तो त्या कुजक्या दारातून आत जायचा. कधी आत आईनं पाट्यावर वाटलेली ओली चटणी असे, कधी बैलांच्या पाठीवरचं ऊन. संध्याकाळी तो घरी यायचा तेव्हा चेहरा असा शांत असायचा की आक्काताईला वाटलं, ह्यानी कुठंतरी माळ घातली की काय.

एक गोष्ट त्याच्या लक्षात आली होती. ढेपीनं गूळ जास्त खाल्ला की पुढच्या दिवसांत वास गडद होतो. मग तो बोटभराच्या जागी मूठभर द्यायला लागला.

“ह्या कुत्रीच्या तोंडात काय मेलंय का वो?” ढेपी त्याच्या मागोमाग घरी आली की आक्काताई म्हणायची. “सोप्यात घेऊ नगासा तिला. शेजारची धोंडुबाई काल चा न पिताच उठून गेली.”

“जाऊ दे की. तिला कोण आवतान दिलतं?”

“उद्या मी माजी मिश्री लावून दात घासतेच हिचं. माजं दात बगा, साठीला आलं तरी एक हालंना.”

“हात लावू नगंस तिला!” पिराजी इतक्या जोरात ओरडला की आक्काताई बघतच राहिली. दोघांचा संसार पस्तीस वर्षांचा, आणि कुत्रीच्या दातांवरून तो कधी खेकसेल असं तिला वाटलं नव्हतं.

पौष लागला तशी ढेपी उतरली. भाकरीचा तुकडा तोंडात धरायची आणि सोडून द्यायची. एके दिवशी तर गूळही तिनं खाली टाकला. डाव्या डोळ्याखाली गाल सुजून लिंबाएवढा झाला होता. पिराजीनं ते बघितलं. आणि त्याच दिवशी वास पूर्वी कधी नव्हता इतका दाट होता.

त्या दिवशी तो तिला दवाखान्यात घेऊन गेला नाही. हे सांगताना मला त्याचा राग येतो, पण झालं ते झालं तसंच सांगायला हवं. आजची दुपार तेवढी, असं स्वतःशी म्हणून तो बाजेवर आडवा झाला. वाफ आली, गूळ आला, पलीकडे बाप आला. आज बाप अगदी जवळ होता. काहील मोठमोठे बुडबुडे सोडत होती आणि पिराजीला तो नेमका वास यायला लागला, पंचवीस वर्षं ज्याच्यावर त्यानं भाकरी खाल्ली तो. आता, आता ओरडायचं. त्यानं तोंड उघडलं, आणि त्याला कण्हण्याचा आवाज आला.

बाप कण्हत नव्हता. ढेपी कण्हत होती. झोपेतच ती पुढच्या पायानं आपला गाल खरवडत होती आणि तिच्या तोंडातून लाळेबरोबर लाल पाणी पिराजीच्या सदऱ्यावर ओघळत होतं. इतकं दुखत असूनही तिनं त्याच्या छातीवरून डोकं हलवलं नव्हतं. त्यानं बोलावलं म्हणून ती आली होती आणि त्याला हवं म्हणून पडून राहिली होती. पिराजीला स्वतःची लाज वाटली. एवढी लाज त्याला काहील जाळली तेव्हाही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडापच्या भरगच्च रिक्षात ढेपीला पोत्यावर बसवून तो जनावरांच्या दवाखान्यात पोचला. रांगेत म्हशी होत्या, रेडकं होती, एक शेळी होती. प्रसेनजीत कांबळे नावाचे तरुण डॉक्टर बाही खांद्यापर्यंत दुमडून काम करत होते. त्यांनी पिराजीकडे बघितलं.

“काय पावणं, म्हस कुठाय?”

“म्हस न्हाय डाक्टर. कुत्री हाय.”

डॉक्टरांनी ढेपीचा ओठ वर केला आणि मान बाजूला वळवून एक मोठा श्वास घेतला. मग पुन्हा बघितलं.

“मामा, हिला गूळ कोण घालतंय?”

“मी,” पिराजी म्हणाला.

“रोज?”

“रोज. आट वर्सं.”

डॉक्टरांनी सुजलेला गाल बोटानं हलकेच दाबून बघितला. मग म्हणाले, “तीन दात मुळापास्नं कुजल्यात. गालात पू झालाय. ते काढायला पायजेत. ह्यो वास नुसता वास न्हाय मामा, आत सडतंय म्हणून येतोय. किती दुखत असंल हिला, बोलता येत न्हाय म्हणून काय झालं?”

भूल देऊन दात काढले. पिराजी बाहेर कडुलिंबाखाली उकिडवा बसून राहिला. ढेपीला शुद्ध आल्यावर डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. आधी आठ दिवस मऊ भात आणि दही, त्यात मीठ नाही, साखर नाही. शिजवलेला लाल भोपळा, शिजवलेलं गाजर. जखम भरली की कच्च्या गाजराचे, काकडीचे तुकडे चघळायला द्यायचे, म्हणजे उरलेले दात घासले जातील. कधी सफरचंदाची फोड, बी काढून. दह्यात पुदिन्याची दोन पानं चुरडली तरी चालतील. ओल्या फडक्यानं रोज दात पुसायचे.

“आनि गूळ बंद. म्हंजे बंदच. रस्सा न्हाय, कांदा-लसूण न्हाय, शिजवलेली हाडं न्हायती, द्राक्षं-बेदाणं तर अजाबात न्हाय. कुत्र्याला ते इखच.”

“आमची मंडळी म्हनत हुती, मिश्री लावू या.”

“मामा!” डॉक्टर ओरडले. “तंबाखू हाय ती. मारताय का काय तिला?”

कागदाच्या पुडीतल्या गोळ्या खिशात ठेवत पिराजीनं विचारलं, “वास सगळा जाईल?”

“सगळा!” डॉक्टर आनंदानं म्हणाले. “म्हैन्याभरात बगा.”

“जरा सुदिक ऱ्हानार न्हाय?”

“जरा सुदिक न्हाय. ग्यारंटी.” डॉक्टरांना वाटलं म्हाताऱ्याची खात्री पटत नाही. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि शेळीकडे वळले.

घरी आल्यावर पिराजीनं आक्काताईला काय द्यायचं, काय नाही, ते सांगितलं. ती म्हणाली मी करते, तर नको म्हणाला. गाजरं त्यानं स्वतः शिजवली. पस्तीस वर्षांत चुलीजवळ न बसलेला माणूस पातेल्यात गाजर मऊ झालं का म्हणून बोटानं दाबून बघत होता. दहीभात कालवून ढेपीपुढे ठेवत होता. ढेपीला दही आवडलं, भोपळा चालला. पहिल्यांदा कच्चं गाजर दिलं तेव्हा मात्र तिनं ते नाकानं लांब ढकललं आणि पिराजीकडे असं बघितलं, जणू म्हणत होती, गाढवाला गुळाची चव काय म्हणतात, पण मी गाढव नाही. त्यानं अर्धं गाजर स्वतः कचाकचा खाऊन दाखवलं. तीन दिवसांनी तिला ते पटलं.

दुपारी ती अजूनही बाजेवर यायची. पहिल्या आठवड्यात वास निम्मा झाला. गूळ अजून यायचा, पण लांबून, नदीपलीकडच्या गुऱ्हाळातून यावा तसा. दुसऱ्या आठवड्यात गाळाचा वास गेला, शेणीचा गेला. हळदीचा एकदा आला, पुसट, आणि परत आला नाही. वाफ तेवढी असायची, पांढरी, रिकामी, आणि तिच्या पलीकडे कुणीतरी उभं असल्याचा भास. पिराजी नाक पुढे करून झोपेतच चाचपडायचा. रोज थोडं थोडं बंद होणाऱ्या दाराला तो बाहेरून टेकून बसला होता, आणि ते दार आपणच आपल्या हातानं लावतोय हे त्याला माहीत होतं.

एकदा मोह झाला. माघातला सोमवार होता. जोतीरामनं काहील उतरवली, गूळ गार करायच्या वाफ्यात ओतला, आणि ढेपी जुन्या सवयीनं शेपूट हलवत पिराजीपुढे येऊन बसली. तिचा गाल उतरला होता, डोळ्यांत तेज आलं होतं. पिराजीच्या हातात गरम गुळाचा गोळा होता. एक एवढासा तुकडा. रोज एवढासाच दिला तर थोडा वास राहील. दुखण्याइतका नाही, नुसता दार किलकिलं राहण्याइतका. कुणाला कळणार होतं? तो गोळा फुंकत राहिला. ढेपी बघत राहिली. तिचा त्याच्यावर एवढा विश्वास होता की त्यानं दगड दिला असता तरी तिनं चाटला असता.

पिराजीनं गोळा स्वतःच्या तोंडात टाकला. गोड होता, पण तो गूळ नव्हता, नुसतं गोड होतं. डोळ्यांत पाणी आलं ते चटका बसल्यामुळं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग कोपरीच्या खिशातून गाजर काढून तिला दिलं. ती ते दोन पायांत धरून आनंदानं चघळायला लागली.

शिमग्याच्या चार दिवस आधी तो घरी सोप्यात ढेपीचं तोंड दोन्ही हातांत धरून बसला होता. आक्काताई परड्यातून आली तेव्हा त्यानं नाक ढेपीच्या दातांना जवळजवळ टेकवलं होतं आणि त्याचे खांदे हलत होते.

“अवं, काय झालं? परत दुखालंय व्हय तिचं?”

“न्हाय. बरी झाली,” पिराजी म्हणाला. “पार बरी झाली गं.” आणि तो पोरासारखा रडायला लागला.

मग त्यानं सगळं सांगितलं. बाजेवरची दुपार, कुजका वास, त्याच्यामागून येणारा गूळ, बाप, हळद. मूठभर गूळ का द्यायचा तेही सांगितलं, आणि दुखत असलेल्या कुत्रीला एक दिवस तसंच छातीवर झोपवलं तेही. काही लपवलं नाही. आक्काताई खांबाला टेकून ऐकत होती.

“आनि माजा?” तिनं शेवटी विचारलं. “माजा वास येत न्हाय तुमास्नी?”

“न्हाय. अडीच वर्सं झाली.”

“मला वाटायचं, मी म्हातारी झाले म्हणून तुमी...” तिनं पदरानं डोळे टिपले. मग त्याच्याजवळ खाली बसली, ढेपीचं तोंड आपल्याकडे वळवलं आणि वाकून लांब श्वास घेतला. ढेपीनं तिच्या नाकावरून एकदा जीभ फिरवली.

“कशाचा येतोय?” पिराजीनं अधीर होऊन विचारलं. “नीट घे. कशाचा?”

आक्काताईनं पुन्हा श्वास घेतला.

“कशाचाच न्हाय,” ती म्हणाली. “काय सुदिक वास येत न्हाय.”

“मलाबी न्हाय,” पिराजी म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. अडीच वर्षांत पहिल्यांदाच दोघांच्या नाकांना सारखंच कळलं होतं, म्हणजे काहीच नाही. आधी आक्काताईला हसू आलं, मग त्याला, आणि ढेपी दोघांच्या मधे शिरून गाजर कुठे आहे ते शोधायला लागली.